शाकारलेलं विमान

कुठल्याही विमानाचं चित्र समोर ठेवलं, की ताई आधी त्यावर आपला तळहात ठेवायच्या. सगळं विमान हाताखाली जायचं, शेपटीचं टोक तेवढं करंगळीपाशी बाहेर राहायचं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारायच्या, "चांगलं हाय. पन ठेवनार कुठं?"

विमान किती वेगानं जातं, किती उंच जातं, किती बाँब नेतं, हे प्रश्न बाकीच्यांचे. ताईंचा एवढाच. मी म्हणायचो, "ताई, विमान आहे ते. आकाशात असणार." त्यावर त्या म्हणायच्या, "आकाशात काय, घटकाभर. बाकीचा टाइम जमिनीवरच ना?" मग मी विमानाशेजारी एक शेड काढून आणायचो आणि चित्र पास व्हायचं.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याच्या एका प्रश्नाची आधी सगळे टिंगल करतात आणि वर्षभरात तोच प्रश्न येता-जाता एकमेकांना विचारायला लागतात. आमच्याकडे कोणी नवी गाडी घेतली, तरी पोरं पेढा खात विचारायची, "पन ठेवनार कुठं?" घणसोलीत पार्किंगची जी दशा आहे ती पाहता हा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता.

महापेला एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस होतं. आम्ही मोबाइलवरचे खेळ बनवायचो. म्हणजे खेळ परदेशातल्या क्लायंटचा, आणि त्यातली हमाली आमची. त्यातला एक खेळ युद्धाचा होता. नकाशावर पुष्कळ देश आणि प्रत्येकाचं सैन्य. मोठे देश क्लायंटनं स्वतःकडे ठेवले, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यातला तारविया नावाचा चिमुकला किनारी देश आमच्या गळ्यात मारला. तारविया कोणी खेळाडू चालवणार नव्हता. आम्ही जे नियम लिहून देऊ, त्यांच्यावर यंत्रच तो देश चालवणार होतं. विमानं मी काढायची, आणि वायुसेनेची रचना, हुद्दे, तळ, नियम हे सगळं ताईंनी लिहायचं, असं आमचा टीम लीड निखिल यानं ठरवलं.

ताईच का, तर त्या मोकळ्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या. माहेर खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळीवाड्यातलं, सासर तळवलीचं. तुर्भ्याच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं स्टोअरमध्ये काढली होती. तो कारखाना बंद पडल्यावर त्या आमच्याकडे कागदपत्रं नीट लावायच्या कामाला आल्या. विमानातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. त्या कधी विमानात बसल्या नव्हत्या. स्क्वाड्रन म्हणजे काय, हे त्यांनी मला दर आठवड्याला नव्यानं विचारलं. विमानाला समुद्राचं पाणी लागलं तर गोड्या पाण्यानं धुवायला लागेल, म्हणून त्यांनी प्रत्येक तळावर एक विहीर खणायला लावली. निखिल म्हणाला, "ताई, विहीर कशाला? हे पिक्सेल आहेत." ताई म्हणाल्या, "असूं दे. पानी जवळ असलेलं बरं."

पण त्यांनी काम मनावर घेतलं. तारवियाच्या वायुसेनेचे त्यांनी तीन विभाग केले: खाडी विभाग, डोंगर विभाग आणि मिठागर विभाग. तुकडीच्या प्रमुखाला त्यांनी तांडेल म्हटलं, कारण होडीवरच्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात आणि त्यांना दुसरा शब्द सुचेना. परदेशातल्या लोकांना तो हुद्दा फारच भारदस्त वाटला. विमानांची नावंही त्यांचीच. लढाऊ विमान घार. माल नेणारं बगळा. रात्रभर आकाशात राहून शत्रूची चाहूल घेणारं, ते टिटवी. आणि शिकाऊ वैमानिकांचं छोटं, निळं, दोन जणांचं विमान म्हणजे खंड्या. खंड्यावर त्यांचा जीव होता. मी काढलेल्या पहिल्या खंड्याची चोच जरा जास्तच लांब झाली होती. मी ती आखूड करायला घेतली, तर म्हणाल्या, "राहू दे रे. पोराच्या नाकावर हसू नये."

प्रत्येक तळावर सुक्या मासळीचं एक कोठारही होतं. क्लायंटनं विचारलं, हे काय? निखिल नेरुळचा, घरचा पक्का शाकाहारी. ताईंचा डबा उघडला की तो एसीचं तोंड दुसरीकडे फिरवायचा. त्याच निखिलनं इंग्रजीत क्लायंटला समजावलं, की तारवियाच्या संस्कृतीत सुकट महत्त्वाची आहे. फोन ठेवल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. ताई शांतपणे म्हणाल्या, "बंदीत खानार काय मंग ते लोक?"

बंदी हा शब्द या अर्थानं तेव्हा मी पहिल्यांदा ऐकला.

कोळीवाड्यात पावसाळ्याचे दोन महिने समुद्र बंद असतो. होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यांच्यावर झापांचं, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचं, छप्पर घालून त्या शाकारतात. जाळी दुरुस्त करतात, रंग काढतात, लग्नं जमवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला, की मग होड्या पाण्यात. त्याआधी कोणी जात नाही. ताईंनी हा नियम जसाच्या तसा तारवियाच्या वायुसेनेला लावला होता. पावसाळा लागला की सगळी विमानं तळावर ओढून शाकारायची. वैमानिकांनी घरी जायचं. नारळ वाहिल्यावर पहिलं उड्डाण.

वायुसेनेला पावसाळी सुट्टी असते, असं जगात फक्त आमच्या ऑफिसातच लिहिलं गेलं असेल. मी हसून म्हणालो, "ताई, शत्रू पावसाळ्यात आला तर?"

"कसा येईल? त्याचा पन समुद्र बंद असनार ना."

ही त्यांची खात्री होती. समुद्र एकाला बंद आणि दुसऱ्याला उघडा, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. निखिलनं ते सगळं वाचलंच नाही. मी वाचलं आणि झापाखालच्या विमानांची चित्रं काढायला मिळतील म्हणून खूश झालो. चित्रं खरंच छान झाली. क्लायंटनं लिहिलं, वातावरण सुंदर आहे.

त्या वर्षी माझी आई गेली होती. मी रडलो नव्हतो. गावाकडचे लोक म्हणाले, धीराचा आहे. धीरबीर काही नव्हता. मी कामावर येत होतो, विमानं काढत होतो, जेवत होतो, आणि आत सगळं बधिर झालं होतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपण आपल्याच गालाला हात लावून बघतो, तसं. ऑफिसात कोणाला हे कळलं नाही. ताईंनी मात्र एकदा जेवताना विचारलं, "तुला बी काही वाटत नाय ना?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि माझ्या पानात बोंबलाचा तुकडा वाढला.

नारळी पौर्णिमेची त्या दर वर्षी रजा टाकायच्या. त्या वेळीही टाकली. त्याच दिवशी राखी असते, म्हणून मी सहज म्हटलं, "भावाकडे का?"

"हा. होडीला बांधते."

मला वाटलं, चेष्टा आहे. मग त्यांनी सांगितलं. डब्याचं झाकण लावता लावता, भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं त्या आवाजात सांगितलं. भाऊ त्यांच्यापेक्षा मोठा. बंदी संपायला थोडेच दिवस उरले होते. आभाळ उघडलं होतं, ऊन पडलं होतं. तो म्हणाला, जरा बाहेर जाऊन बघून येतो. आई नको म्हणाली, बाप नको म्हणाला. ताईंनी राखी आणून ठेवली होती, त्या म्हणाल्या, नारळ पडू दे, मग जा. तो हसला आणि गेला.

"होडी गावली. तो नाय." ताई म्हणाल्या. "मंग मी राखी होडीच्या नाळेला बांधली. पुढच्या टोकाला. आता चुलतभाऊ चालवतो ती होडी. दर वर्षी बांधते."

"रडलात?"

"नाय. तवा नाय, नंतर बी नाय. आई बोलायची, पोरीचं काळीज दगडाचं हाय." त्यांनी डबा पिशवीत ठेवला. "पन माझ्या वायुसेनेतनं नारळाच्या आधी कोन जानार नाय. एवढं मी बघितलंय."

मग मला तो नियम कळला. सुट्टी वगैरे काही नव्हती ती. तारवियातल्या सगळ्या पोरांना त्यांनी घरी बसवून ठेवलं होतं.

खेळ बाजारात आला. सुरुवातीला तारवियाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग खेळातला पावसाळा लागला. कुठल्या तरी खेळाडूच्या लक्षात आलं, की या देशावर हल्ला केला तर समोरून एकही विमान उठत नाही. सगळी झापांच्या छपराखाली उभी. त्यानं ते इतरांना सांगितलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कोणाला नको असतं? जगभरातून पोरं पावसाळ्याची वाट बघायला लागली. तारविया पडायचा, खेळ नव्यानं सुरू व्हायचा, पावसाळा लागायचा आणि तारविया पुन्हा पडायचा. लोकांनी त्याचे व्हिडिओ टाकले. झोपाळू वायुसेना, असं नाव पडलं.

ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. ताई एका पोराच्या खुर्चीमागे उभ्या राहून स्क्रीन बघत होत्या. खाडी विभागाच्या तळावर बाँब पडत होते. घारी जळत होत्या, बगळे जळत होते, सुकटीचं कोठार जळत होतं. विहीर तेवढी शाबूत होती. ताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला.

"पावसात आले?" त्यांनी विचारलं.

"हो ताई."

"बंदीत?"

"त्यांना बंदी नाहीये, ताई. ती फक्त आपल्याला आहे."

ताई वळल्या. जागेवर जाऊन बसल्या.

दोनेक दिवसांत क्लायंटचा फोन आला. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं ती, त्यांचं म्हणणं सरळ होतं. पावसाळी नियम काढा. नाही तर तारविया आमच्याकडून जाईल आणि त्याबरोबर त्याच्यावरची माणसंही. निखिलनं ताईंना केबिनमध्ये बोलावलं. मलाही बोलावलं, कारण विमानं माझी होती.

"ताई, टेन्शनची गोष्ट नाहीये," निखिल म्हणाला. "एक लाइन आहे. ती डिलीट करायची. पावसाळ्यात पण विमानं उडतील, बास. डॉक्युमेंट तुमचं आहे, म्हणून तुम्ही केलं तर बरं दिसेल."

"आन् नाय केलं तर?"

"तर क्लायंट म्हणेल, ही टीम नको. ताई, तुमची नोकरी आहे यात. प्लीज समजून घ्या."

निखिल वाईट नव्हता. त्याला खरंच त्यांना वाचवायचं होतं. त्यानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. स्क्रीनवर ती ओळ होती. ताईंनी त्या ओळीवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. बाहेर खिडकीतून एक विमान खाली येताना दिसलं. नवा विमानतळ झाल्यापासून ती अशी दिसतात. पहिल्यांदा दिसलं तेव्हा सगळं ऑफिस खिडकीशी धावलं होतं, आणि ताईंनी जागेवरूनच विचारलं होतं, रात्री कुठं ठेवतात? आताही त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"मी नाय 'जा' बोलनार कोनाला," त्या म्हणाल्या. "तुला बोलायचं तर तू बोल."

"ताई, ती माणसं नाहीयेत हो."

"मला माहीत हाय. मला काय येड लागलं नाय." त्यांचा आवाज चढला नाही. "पन माझ्या हातानं नाय."

त्यांनी हात उचलला. निखिलनं लॅपटॉप आपल्याकडे घेतला आणि ओळ काढून टाकली. त्याला एक क्षण लागला. काढल्यावर तो उगाचच पाणी प्यायला.

मला तेव्हा काही तरी वाटायला हवं होतं. मी छताकडे बघत होतो आणि तिथल्या दिव्याभोवतीचे मेलेली चिलटं मोजावीत का, असा विचार करत होतो. मग ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एक काम करशील?"

"बोला ना."

"एक राहू दे. एक खंड्या. त्याला उडायचं बटनच देऊ नको. किनाऱ्याला असूं दे, शाकारलेला. एक तरी घरी राहू दे."

मी निखिलकडे पाहिलं. तो म्हणाला, "देखावा म्हणून टाक. विहिरीसारखा. क्लायंटला काही फरक पडत नाही."

मी ते विमान त्याच दुपारी काढलं. ताई शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. झाप कसे घालतात, कुठून दोरी घेतात, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर काय ठेवतात, ते सांगत होत्या. छपराखालून खंड्याची लांब चोच बाहेर आली होती. मी ती झाकायला घेतली, तर त्यांनी थांबवलं. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी त्या चोचीला एक लाल धागा बांधला. स्क्रीनवर तो केसाएवढा दिसत होता. ताईंनी चष्मा कपाळावर घेतला आणि अगदी जवळ जाऊन पाहिलं.

"गाठ मार नीट," त्या म्हणाल्या. "सुटंल."

मी गाठ मारली. त्यांनी त्यावर तळहात ठेवला. या वेळी त्यांनी विचारलं नाही, ठेवणार कुठं. हात ठेवूनच त्या रडायला लागल्या. आवाज नव्हता. हुंदका नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांना ते नवीन होतं, कारण त्या मध्येच पदराला हात लावून तो ओला का आहे ते बघत होत्या. मी कीबोर्ड तेवढा बाजूला घेतला.

महिन्याभरानं क्लायंटनं तारविया तरीही दुसऱ्या कंपनीला दिला. ओळ काढली काय न काढली काय, त्यांचं आधीच ठरलेलं होतं. ताईंना जायला सांगितलं तेव्हा त्यांनी टेबल पुसलं, डबा घेतला आणि निखिलला म्हणाल्या, "येते रे. जेवत जा वेळेवर." निखिलनं लिफ्टपर्यंत त्यांची पिशवी धरली. पुढे आमची टीमही मोडली. मी आता दुसरीकडे आहे, साबणाच्या जाहिरातींची चित्रं काढतो. ताईंना सुरुवातीला फोन व्हायचे. मग त्यांचा नंबर लागेनासा झाला. तळवलीच्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, ताई गेल्या. शेवटचं दुखणं फार दिवसांचं नव्हतं. दिवसकार्यही उरकलं होतं.

ऐकून मी बरं म्हणालो आणि पाववाल्याला सुटे पैसे दिले.

परवा नारळी पौर्णिमा होती. बहिणीची राखी पोस्टानं आली, ती मी बांधून घेतली आणि का कोण जाणे, मोबाइलवर तो खेळ उघडला. खेळातही पावसाळा चालू होता. आता तारविया झोपाळू राहिलेला नाही. हल्ला झाला, तसे तळावरून सगळे उठले. घारी उठल्या, बगळे उठले, टिटव्या उठल्या, खंड्येसुद्धा उठले. समोरची विमानं खूप मोठी होती. तारवियाची पोरं एकेक करून समुद्रात पडली. पाण्यावर थोडा वेळ धूर राहिला.

मी बोटानं चित्र सरकवत खाडी विभागाच्या किनाऱ्याशी गेलो. विहिरीपलीकडे तो होता. झाप जागेवर होते, दोऱ्या ताणलेल्या होत्या. कोणी तरी खेळाडू त्याच्यावर एकसारख्या गोळ्या झाडत होता. काही होत नव्हतं. मी त्या विमानाला उडायचं बटण दिलं नव्हतं, तसं मोडायचंही दिलं नव्हतं. शेवटी तो खेळाडू कंटाळला आणि निघून गेला.

मी चित्र मोठं केलं. धागा दिसला. गाठ सुटलेली नव्हती. माझा हात ओला झाला, तेव्हा कळलं की मी रडतोय. ताईंसाठी की आईसाठी, ते मला सांगता येणार नाही.

बाकीचे सगळे गेले होते. तो एक घरी होता.